लव्हर्न प्रुएटचं आखूड जाकीट

लव्हर्न प्रुएट झाडूचा दांडा घेऊन माझ्या दुकानात शिरली, तेव्हा मी काउंटरमागे बसून सॉसेज घातलेला पाव खात होतो. दांडा बंदुकीच्या मापाने कापलेला होता आणि एका टोकाला दस्त्याच्या आकाराचं फळकूट ठोकलेलं होतं. बदकांचा मोसम सुरू होऊन चार दिवस झाले होते. दुकानात अर्धं गाव होतं, आणि त्यातलं निम्मं काही विकत घ्यायला आलेलं नव्हतं.

"रॉइस, जाकीट दाखव," ती म्हणाली. "पाण्यात उभं राहून शिकार करायची आहे."

"कुणाला?"

"तुझ्यासमोर कोण उभं आहे?"

मागे कोणीतरी हसलं. मीही हसलो. आज त्याची लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकतो.

लव्हर्न एकोणसाठ वर्षांची होती. बुटकी, खांद्यांनी रुंद, आणि मनगटं माझ्यापेक्षा जाड. आमच्याकडे हिवाळ्यात नदीचं पाणी ओकच्या रानात शिरतं, आणि मग मोसमभर गावातला प्रत्येक धडधाकट माणूस त्या पाण्यात कमरेएवढा उभा असतो. मारलेली बदकं घेऊन सगळे जातात ते लव्हर्नच्या शेडवर. तीस वर्षं ती तिथे पिसं काढते. शेडमध्ये मोठी शेगडी आहे आणि शेगडीभोवती खुंट्या. माणसं ओली जाकिटं खुंटीला अडकवून कॉफी पीत बसतात. लव्हर्न येता-जाता प्रत्येकाच्या बाहीत हात घालून बघते आणि निकाल देते. "कोपरापर्यंत ओलं आहे. मनगटातून आत येतंय." किंवा, "खांद्याची शिवण गेली." माणसं म्हणतात, छे, तो घाम आहे. मीसुद्धा तेच म्हणायचो, कारण त्यातली बरीच जाकिटं माझ्याच दुकानातली असायची.

आता ज्यावरून हे सगळं झालं त्या झाडाचं सांगतो. रानात एक मोकळी जागा आहे, बदकं उतरतात ती, आणि तिच्या कडेने सात झाडं आहेत. एकेका झाडाला एकेक माणूस टेकून उभा राहतो. प्रत्येक झाडावर एक खिळा असतो, पिशवी अडकवायला. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. झाड घराण्याचं असतं, बापाकडून मुलाकडे जातं. माणूस बदलला, की नव्या माणसाने जानेवारीच्या पहिल्या शनिवारी उजेड फुटल्यापासून दहापर्यंत झाडाशी उभं राहायचं. मधेच बोटीत जाऊन शेगडीशी शेक घेतला, की संपलं. मग जुना मालक स्वतःच्या हाताने खिळा उपटतो आणि झाड रांगेतल्या पुढच्या माणसाला जातं.

प्रुएटांचं झाड लव्हर्नचा थोरला भाऊ हार्लन याच्याकडे होतं. त्या उन्हाळ्यात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी थंड पाणी कायमचं बंद केलं. त्याचा मुलगा डॅलसला विमा विकतो. त्याला गार पाण्याने तोंड धुवायलाही आवडत नाही. रांगेत पुढे होते आमचे दाताचे डॉक्टर, केस्लर. सहा वर्षं थांबलेले, सज्जन माणूस. सगळं ठरल्यासारखंच होतं. त्यात लव्हर्न म्हणाली, मी उभी राहते.

हे ऐकून गाव हसलं, कारण ती एकदा उभी राहिली होती. तीन वर्षांपूर्वी हार्लनने तिला पाहुणी म्हणून नेलं होतं. अंगात सुती स्वेटर, वरून हार्लनचा जुना लांब कोट. चाळीस मिनिटांत तिचे ओठ निळे पडले आणि आम्ही दोघांनी तिला उचलून बोटीत घातलं. तेव्हापासून तिचं नाव पडलं 'चाळीस मिनिटं'. ते नाव मीच ठेवलं होतं. कॅफेमध्ये, अंडी खाता खाता.

तर त्या दिवशी मी तिला दुकानातलं सगळ्यात लांब, सगळ्यात जाड जाकीट काढून दिलं. मांड्यांपर्यंत येणारं, आत बोटभर जाड अस्तर.

"हे घाल. यात उत्तर ध्रुवावर जाशील."

"मला उत्तर ध्रुवावर जायचं नाही. बाबांच्या झाडापाशी जायचंय." तिने ते घातलं, दांडा खांद्याला लावायला गेली, आणि दस्ता काखेत अडकला. पुन्हा लावला. पुन्हा अडकला. "बघ. मी हा सोडवेपर्यंत बदकं टेक्सासला पोचतील."

"सवय होते."

"आणि ही खालची कड? पाणी माझ्या कमरेएवढं. कड पाण्यात बुडणार. एकदा बुडाली की अस्तर पाणी वर ओढतं, वातीसारखं. कडेतून वरपर्यंत पाणी पिऊन आलेली किती जाकिटं मी वाळवली असतील, विचार."

मी विचारलं नाही. तिने जाकीट उलटं केलं, आतल्या शिवणांवरची पट्टी नखाने खरवडून बघितली आणि परत दिलं. दुसरं आणलं, ते हात हलवला की कागदासारखं कुरकुरायचं. तिसऱ्याच्या चेनवर झाकण नव्हतं. चौथं छान होतं, पण उन्हात चमकायचं. प्रत्येक वेळी दांडा वर, दांडा खाली. अर्ध्या तासाने हसणारे कंटाळून निघून गेले, आणि मला घाम फुटला.

शेवटी तिची नजर कोपऱ्यातल्या एका जाकिटावर गेली. दोन वर्षं ते तिथेच लटकत होतं. मळकट तपकिरी, जेमतेम कमरेपर्यंत, खाली घट्ट पट्टा. कोणी घेत नव्हतं, कारण घातलं की माणूस शाळेच्या बँडमध्ये ढोल वाजवणारा दिसायचा.

"ते नको," मी म्हणालो. "त्यात अस्तरच नाही."

"अस्तर माझं मी घालीन. बाबांचं लोकरीचं बिनबाह्यांचं जाकीट आहे. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. सुती कपड्याने मला एकदा दगा दिलाय." तिने ते घातलं. दांडा वर गेला आणि खांद्यात बरोबर बसला. पुन्हा वर, पुन्हा बसला. दांडा तिने सात-आठ वेळा तरी लावून बघितला असेल.

"बाह्या चार बोटं लांब आहेत," मी म्हणालो. पुरुषी मापाचं होतं ते. बायकांसाठी आम्ही काही ठेवतच नव्हतो.

"कात्री आहे घरी."

पैसे देताना मी विचारलं, "लव्हर्न, तू एवढा हट्ट का धरलायस? तुझ्या शेडवर राजासारखं उबेत बसायचं सोडून?"

ती जाकिटाची घडी घालत होती. "बाबांनी हार्लनला झाड दिलं," ती म्हणाली. "मला बदकं दिली. मेलेली. बंदूक चालवायला मला त्यांनीच शिकवलं, मातीच्या तबकड्या उडवून. हार्लनपेक्षा जास्त तबकड्या मी फोडायचे. मग मोसम आला आणि म्हणाले, तू पाणी गरम करून ठेव." घडी पुरी करून म्हणाली, "चांगला माणूस होता. पण हे मला आवडलं नव्हतं."

मोसमात गावाला करमणूक लागतेच, आणि पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर ती लव्हर्ननेच पुरवली. तिने गोठ्यातली गुरांची पाण्याची मोठी टाकी भरली, छातीपर्यंतची रबरी विजार चढवली, वर ते जाकीट, आणि सगळ्यांदेखत कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. बाह्या कापून तिने टोकांना जुन्या विजारीच्या मऊ रबराचे घट्ट कफ शिवले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घालून ती घड्याळाकडे बघत राहिली. हार्लन कुंपणाला टेकून उभा होता.

"अंघोळ अशीच करतेस का रोज?" तो म्हणाला.

"तू रोज करत नाहीस एवढं मला माहीत आहे."

"लव्हर्न, बाहेर ये. वयाला शोभत नाही."

"वय तुझंही झालंय. तुला कोणी सांगितलं का घरी बस म्हणून? डॉक्टरने सांगितलं तेव्हा बसलास."

वीस मिनिटांनी ती बाहेर आली आणि स्वतःच्या बाहीत हात घातला. उजवी बाही मनगटापासून वर वीतभर ओली होती. तिने कफ डोळ्यांजवळ धरून बघितला आणि स्वतःच्याच कपाळावर मारून घेतलं. पाणी आत न येऊ देणारं कापड, आणि तिने त्याला सुईने दीडशे भोकं पाडली होती. प्रत्येक टाक्यातून थेंब आत गेला होता. तीस वर्षं दुसऱ्यांच्या शिवणा तपासणाऱ्या बाईने स्वतःची शिवण उघडी ठेवली होती. लोक पोट धरून हसले. लव्हर्नही हसली, पण हार्लन हसला नाही. तो म्हणाला, "झालं ना समाधान? मी केस्लरना फोन करतो."

"कर," ती म्हणाली. "त्यांना सांग, सहा वर्षं थांबलात, अजून थोडं थांबा."

सोमवारी सकाळी ती माझ्याकडे रबरी विजारीला ठिगळ लावायचा चिकट गोंद घ्यायला आली. तिने आतल्या बाजूने प्रत्येक टाक्यावर गोंदाचं बोट फिरवलं, दोन दिवस वाळवलं, पुन्हा फिरवलं. मग पुन्हा टाकीत उभी राहिली, या वेळी तासभर. बघायला फक्त मी होतो. दोन्ही बाह्या कोरड्या निघाल्या.

डिसेंबरात एकदा डॉक्टर केस्लर बदकं घेऊन तिच्या शेडवर आले. मी तिथेच कॉफी पीत होतो. त्यांचं नवं जाकीट खुंटीला लटकत होतं. मांड्यांपर्यंत लांब, फरची कॉलर, माझ्या दुकानात मिळणार नाही एवढं महागडं. लव्हर्नने बाहीत हात घातला, मग खालची कड दोन बोटांत धरून पिळली. जमिनीवर धार लागली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हे वीतभर कापा. खालून पाणी पितंय. आज तुम्ही मांडीभर पाण्यात होता. त्या झाडापाशी कंबरभर असतं."

केस्लर हसले. "कापू? मिस लव्हर्न, याची किंमत सांगितली तर तुम्ही माझ्या बायकोला सांगाल."

"मी बायकोला काही सांगत नाही. तुम्हाला सांगतेय."

ते गेल्यावर मी तिच्यावर चिडलो. "अगं, झाड हवंय ना तुला? मग त्याला कशाला शहाणा करतेस?"

"बाहीत हात घातल्यावर मी खोटं बोलत नाही," ती म्हणाली आणि पुढचं बदक हातात घेतलं. तिच्यात हेच मला कधी पटलं नाही, आणि आवडलंही हेच.

जानेवारीचा पहिला शनिवार उजाडला तो बर्फाचे बारीक खडे मिसळलेला पाऊस घेऊनच. माझं झाड प्रुएटांच्या झाडाला लागून. पलीकडे मिस्टर लीलँड ओक्स, चौऱ्याऐंशी वर्षांचे, आमच्यातले सगळ्यात जुने; वेळ मोजायची ती त्यांच्याच घड्याळावर. केस्लर पाहुणे म्हणून त्यांच्या शेजारी उभे. बोट झुडपापाशी बांधलेली, तीत छोटी शेगडी, आणि शेगडीशी हार्लन, दोन घोंगड्या पांघरून. त्याच्या पायाशी नखाळ हातोडा होता, खिळे उपटायचा. तो हातोडा सगळ्यांनी बघितला. लव्हर्ननेही.

ती पाण्यातून चालत झाडापाशी गेली, पिशवी अडकवायला हात वर केला, आणि हात पोचला नाही. खिळा बापाच्या उंचीचा होता, तो सहा फुटी माणूस. तिने दोनदा टाचा उंचावून बघितलं, मग पिशवी गळ्यात अडकवून खोडाला पाठ लावली.

"मिस्टर लीलँड," ती म्हणाली, "घड्याळ बघा."

पहिला तास बरा गेला. रानात उभं राहायची एक रीत आहे. मान खाली घालायची. गोरा चेहरा वर केला की बदकांना तो लांबून दिसतो आणि ती उतरत नाहीत. आभाळ बघायचं ते पाण्यात बघायचं. जाकिटाचं टोपडं डोक्यावर ओढायचं नाही, नाहीतर पंखांचा आवाज ऐकू येत नाही. आणि एका पायाने पाणी हलवत राहायचं, म्हणजे थव्याला भुलवायला पाण्यावर सोडलेली खोटी बदकं जिवंत वाटतात. लव्हर्न हे सगळं नेमकं करत होती. चाळीस मिनिटं झाली तेव्हा माझी नजर तिच्याकडे गेली. तिने ती पकडली.

"मोजतोयस का, रॉइस?"

"नाही."

"एक्केचाळीस झाली," ती म्हणाली.

आठ वाजता दोघं जण बोटीकडे गेले. त्यांना काही सिद्ध करायचं नव्हतं. साडेआठला तिसरा गेला. केस्लर नऊपर्यंत टिकले, पण त्यांचं जाकीट छातीपर्यंत काळं पडलं होतं आणि दातांचा आवाज मला ऐकू येत होता. ते निघाले तेव्हा त्यांना नीट चालताही येत नव्हतं. तिच्या झाडापाशी थांबून म्हणाले, "मिस लव्हर्न, शेडवर कात्री आहे ना?"

"आहे, डॉक्टर. सावकाश जा, डाव्या हाताला खड्डा आहे."

नऊ वाजून दहा मिनिटांनी मिस्टर लीलँडनी बदकांना बोलावायची पिपाणी वाजवली. रानावरून फिरणारा एक थवा वळला. चाळीसेक हिरव्या डोक्यांची बदकं फांद्यांमधून खाली यायला लागली. पाय पुढे, पंख पसरलेले, पावसात, एकदम आमच्या डोक्यावर. मी पाण्यात बघत होतो, आणि तिथेच मला दिसलं की लव्हर्नने मान वर केली आहे.

तोंड उघडं ठेवून ती वर बघत होती. थवा फुटला. अर्धी बदकं उलटून उडाली. मिस्टर लीलँड ओरडले, "आता," आणि तिच्या बंदुकीचा दस्ता वर गेला तो काखेत न अडकता सरळ खांद्यात बसला. एक नर तिच्या पुढ्यात पडला. पण मान वर होती तेवढ्या वेळात बर्फाचं पाणी कॉलरमधून आत, पाठीवरून कमरेपर्यंत गेलं होतं. तिचं सगळं अंग शहारलं ते मला दिसलं.

त्यानंतरची पन्नास मिनिटं मी विसरणार नाही. बदकं आली नाहीत. पाऊस थांबला नाही. ती आधी थरथरली, मग जास्त थरथरली, मग तिने दोन्ही हात काखेत घालून पाय हलवायला सुरुवात केली, एक, दोन, एक, दोन. बोटीतून हार्लन ओरडला, "लव्हर्न, पुरे झालं. ये. कोणी काही म्हणणार नाही." तिने मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा ओरडला, या वेळी आवाज वेगळा होता. "लव्हर्न, आजारी पडशील गं."

"बाबांची लोकर आहे अंगात," ती म्हणाली. शब्द नीट उमटत नव्हते. "धरून आहे अजून."

मी माझ्या झाडाशी उभा होतो आणि मला बोटीत जायचं होतं. बोटं बधिर झाली होती माझी. पण 'चाळीस मिनिटं' हे नाव ज्याने ठेवलं त्याने तिच्या आधी पाण्यातून निघायचं, हे मला जमेना.

"दहा," मिस्टर लीलँड म्हणाले.

ते स्वतः पाणी कापत तिच्याकडे गेले आणि म्हणाले, "जाकीट काढ." रीत नव्हती ही, पण तीस वर्षं तिने त्यांच्या बाह्या तपासल्या होत्या. तिने काढलं. त्यांनी उजव्या बाहीत हात घातला, कोपरापर्यंत. मग डाव्या. मग पाठीच्या बाजूला.

"बाह्या कोरड्या," ते म्हणाले. "पाठ भिजली आहे. कॉलरमधून गळतंय."

"गळत नाही," लव्हर्न म्हणाली. तिचे दात वाजत होते. "मी वर बघितलं. एकदाच."

"तुझं तोंड बघून वीस बदकं पळाली."

"माहीत आहे. तीस वर्षं मी ती टेबलावर बघतेय, मिस्टर लीलँड. वरून उतरताना कधी बघितली नव्हती. पुढच्या वेळी नाही बघणार."

मिस्टर लीलँडनी जाकीट तिच्या खांद्यांवर परत टाकलं. त्यांनीही लहानपणी पहिल्यांदा वर बघितलंच असणार, सगळेच बघतात.

हार्लनने मला बोट झाडापर्यंत ओढून आणायला लावली. तो बोटीत उभा राहिला, हातात हातोडा. वरच्या खिळ्याला त्याने हात लावला नाही. खिशातून एक नवा, चकचकीत खिळा काढला, बहिणीच्या खांद्याकडे बघून अंदाज घेतला, आणि तिच्या हाताला पोचेल एवढ्या उंचीवर तीन घावांत ठोकला.

लव्हर्न त्याच्याकडे बघत राहिली. "हातोडा उपटायला आणला होतास ना?"

"हातोड्याला दोन बाजू असतात," तो म्हणाला. "पिशवी अडकव आणि बोटीत ये. कॉफी गार होतेय."

तिने गळ्यातली पिशवी काढून नव्या खिळ्याला अडकवली, आणि ती नीट बसली आहे ना हे हाताने ओढून बघितलं.